इंग्रजीच्या शिक्षकाचे इंग्रजी



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. त्यामुळे आजचा विषय ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर पहिली-दुसरीचा वर्ग होता. मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाची तयारी आपण कशी करून घेतो, त्याला कार्यशाळेला बोलावून त्याच्या हाती काय देतो आणि तो पुन्हा वर्गात उभा राहतो तेव्हा त्यातले काय उरते, याविषयी मला बोलायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. इंग्रजी कसे शिकवावे हे आपण शिक्षकांना पुष्कळ सांगितले. त्यांना स्वतःला चारचौघांत, चुकतमाकत का होईना, इंग्रजी बोलता यावे यासाठी मात्र आपण फार थोडे केले. आणि भाषेच्या बाबतीत हे दुसरे काम झाल्याशिवाय पहिल्याला अर्थ येत नाही.

महाराष्ट्रात २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी मूल पाचवीत गेल्यावर ए-बी-सी-डी गिरवायला घ्यायचे. या निर्णयावर मोठा वाद झाला. मराठीचे काय होईल, कोवळ्या मुलांवर ओझे पडेल का, खेड्यातल्या मुलाला संधी मिळेल की नाही, हे सगळे प्रश्न खरेच होते. पण त्या वादात एक माणूस जवळजवळ दिसेनासा झाला, तो म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई. बारावीनंतर डी.एड. केलेले, स्वतः मराठी माध्यमात शिकलेले. इंग्रजीशी त्यांचा संबंध परीक्षेपुरता आलेला. धड्याचे भाषांतर, खालची प्रश्नोत्तरे, पाठ केलेले निबंध आणि पत्रे. इंग्रजीत कोणाशी दोन वाक्ये बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, कारण त्यांच्या गावात, नात्यात किंवा शाळेत तशी गरजच नव्हती. त्या जूनमध्ये त्यांच्यासमोर सहा वर्षांची मुले येऊन बसली आणि त्या मुलांना इंग्रजी ऐकायला मिळेल असे ठिकाण गावात एकच होते, त्यांचे गुरुजी.

इथे जरा थांबू या. परिसर अभ्यास शिकवताना शिक्षकाला एखादी गोष्ट ठाऊक नसली, तर पुस्तक असते, गावातली जाणती माणसे असतात, ओढा आणि शेत समोर असते. गणितात उत्तर पडताळून पाहता येते. भाषा शिकवताना शिक्षकाचे बोलणे हेच मुलाचे मुख्य साहित्य असते. मुलाच्या कानावर जितके आणि जसे पडेल, त्यातूनच ते भाषा उचलते. शिक्षक इंग्रजीच्या तासाला इंग्रजी बोललाच नाही, तर मुलापुढे उरतात ती छापील अक्षरे. मग वर्गात काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गुरुजी एक ओळ वाचतात, मुले एका सुरात ती म्हणतात, गुरुजी मराठीत अर्थ सांगतात, पुढची ओळ येते. तास संपतो तेव्हा मुलाने स्वतःचे असे एकही इंग्रजी वाक्य उच्चारलेले नसते आणि गुरुजींनीही नसते.

आता या शिक्षकासाठी होणारी कार्यशाळा आठवा. प्रशिक्षणाची ऑर्डर निघते. पंचायत समितीच्या सभागृहात किंवा एखाद्या केंद्रशाळेत चाळीस-पन्नास शिक्षक जमतात. हजेरीपटावर सह्या होतात. तज्ज्ञ मार्गदर्शक उभे राहतात आणि श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही चार कौशल्ये मराठीतून समजावून सांगतात. कृतिगीते होतात, स्टँड अप, सिट डाऊन, टच युवर नोज अशा आज्ञांचे खेळ होतात. शब्दपट्ट्या आणि चित्रे तयार होतात, गटकार्य होते, गटप्रमुख सादरीकरण करतात. मार्गदर्शक मनापासून शिकवतात, साहित्यही बऱ्याचदा चांगले असते. पण तीन दिवस संपतात तेव्हा मागच्या रांगेतल्या बाईंनी गुड मॉर्निंगपलीकडे एकही इंग्रजी वाक्य बोललेले नसते. त्यांना कोणी बोलायला लावले असते, तर त्या संकोचाने उठल्या असत्या आणि 'सर, मला येत नाही' म्हणून बसल्या असत्या. शेजारी त्यांच्याच शाळेचे मुख्याध्यापक बसलेले, पुढे केंद्रप्रमुख. वीस वर्षे बाई म्हणून जो मान मिळवला, तो एका चुकलेल्या क्रियापदापायी कोण पणाला लावेल? ही भीती खरी आहे, आणि तिची दखल न घेता आखलेले प्रशिक्षण वर्गापर्यंत पोचत नाही.

आपल्या देशात हे संकट नवे नाही. १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली, तीच आजचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ. स्वातंत्र्यानंतर इंग्रजी शिकवणारे शिक्षक मोठ्या संख्येने कसे घडवायचे, हा प्रश्न तेव्हापासून आहे. त्याला मद्रास राज्यात १९५९ च्या सुमारास एक धाडसी उत्तर शोधले गेले. ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने नवशिक्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या २७,००० शिक्षकांना नव्याने तयार करायचे ठरले. आधी थोड्या लोकांना नीट शिकवायचे, त्यांनी पुढच्या मोठ्या गटाला शिकवायचे, त्या गटाने त्याहून मोठ्या गटाला. खाली जाताना बर्फाचा गोळा मोठा होत जावा तशी संख्या वाढत जाईल, म्हणून ती मोहीम 'मद्रास स्नोबॉल' या नावाने इंग्रजी अध्यापनाच्या इतिहासात ओळखली जाते. शिकवायची होती ती रचनापद्धत. ठरावीक वाक्यरचना क्रमाने घ्यायच्या, तोंडी सराव करून घ्यायचा, एकेक शब्द बदलत नवी वाक्ये बनवायची.

या मोहिमेची हिंमत मला आजही मोठी वाटते. एवढ्या शिक्षकांपर्यंत जायचे म्हटले तर दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. पण टप्प्याटप्प्याने खाली उतरणाऱ्या प्रशिक्षणाचा एक दोष असतो आणि पंगत वाढणाऱ्या कोणालाही तो कळेल. माणसे वाढत जातात तसे आमटीत पाणी पडत जाते. पहिल्या टप्प्यावर चर्चा असते, शंका असतात, एखादी कृती अशी का करायची याचा शोध असतो. दुसऱ्या टप्प्यावर त्यातल्या टिपा उरतात. शेवटच्या टप्प्यावर शिक्षकाच्या हाती येतात त्या सूचना. 'का' वरच राहते आणि 'असे करा' तेवढे खाली पोचते. श्रीलंकेत काम केलेल्या डेव्हिड हेज यांनी २००० साली लिहिलेल्या लेखात याचा नीट विचार केला आहे. त्यांचे म्हणणे, हा दोष रचनेच्या पोटातच असतो असे नाही. वरचे ज्ञान जसेच्या तसे खाली सांगायचे म्हटले की तो शिरतो. प्रत्येक टप्प्यावर शिक्षकाला स्वतः करून पाहायला, त्यावर विचार करायला आणि आपल्या शाळेप्रमाणे त्यात बदल करायला मोकळीक दिली, आणि जाणकारी वरच्या टोकाला साठवून न ठेवता ती शक्य तितकी खाली पसरवली, तर टप्प्यांची रचनाही टिकते.

मायकेल वेस्ट यांचीही आठवण करून द्यावीशी वाटते. ते ब्रिटिश काळात बंगालमध्ये शिक्षण खात्यात होते, ढाक्याला त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९६० साली त्यांनी प्रतिकूल परिस्थितीत इंग्रजी शिकवण्यावर एक पुस्तक लिहिले. परिस्थिती म्हणजे कोणती, तर बाकांवर दाटीवाटीने बसलेला मोठा वर्ग, वेगवेगळ्या पातळीची मुले, उकाडा, आणि स्वतः फारसे अस्खलित इंग्रजी न बोलणारा शिक्षक. या शेवटच्या गोष्टीबद्दल वेस्ट शिक्षकाला बोल लावत नाहीत. ती वस्तुस्थिती धरून चालतात आणि तिच्यासकट काय करता येईल ते पाहतात. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या बहुतेक कार्यशाळा एका अशा शिक्षकाला गृहीत धरतात, ज्याचे इंग्रजी आधीच तयार आहे आणि ज्याला आता फक्त पद्धत हवी आहे.

बंगळूरचा प्रयोग या बाबतीत फार शिकवून जातो. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतल्या साध्या सरकारी शाळांमध्ये व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून इंग्रजी शिकवून पाहिले. मुलांना रेल्वेचे वेळापत्रक द्यायचे आणि विचारायचे, मद्रासला दुपारच्या आत पोचायचे तर कोणती गाडी धरावी? नकाशा द्यायचा, रस्ता काढायला सांगायचा. मूल उत्तर शोधण्यात गुंतले की भाषा तिच्या वाटेने आत उतरते, हा त्यामागचा विश्वास. १९८७ साली प्रभूंनी त्यावर पुस्तक लिहिले आणि कार्याधारित अध्यापन म्हणून आज जगभर जे चालते, त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांत या कामाची गणना होते. भारतातल्या शाळांतून, भारतीय शिक्षकांच्या हातून हे उभे राहिले, याचा मला अभिमान आहे.

पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू ॲलन बेरेटा यांनी तपासली. प्रयोगातले काही शिक्षक बाहेरून आलेले, पद्धत घडवणारे होते; काही त्या शाळांचे नेहमीचे शिक्षक. नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धत पेलणे फार जड गेले. याचे कारण मला वर्गात उभे राहून समजते. रचनापद्धतीत पुढचे वाक्य ठरलेले असते. वेळापत्रकावर मूल काय बोलेल हे कोणालाच ठाऊक नसते. मूल अर्धे कन्नडमध्ये आणि अर्धे इंग्रजीत काहीतरी म्हणते, आणि त्या क्षणी शिक्षकाला त्याचा अर्थ पकडून सोप्या इंग्रजीत उत्तर द्यावे लागते. ते पाठ करून ठेवता येत नाही. म्हणजे पद्धत जितकी चांगली, तितकी ती शिक्षकाच्या बोलण्यावर जास्त विसंबते. पुढे १९९० मध्ये प्रभूंनीच असे मांडले की सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते. आपण जे करतो आहोत त्याने शिकणे घडते आहे, ही शिक्षकाची आतली जाण जागी असणे जास्त महत्त्वाचे. मला हा त्यांच्या साऱ्या कामातला सगळ्यात मोलाचा विचार वाटतो.

मग शिक्षकाला किती इंग्रजी लागते? या प्रश्नाचे उत्तर आपण कधी नीट मोजलेच नाही, म्हणून ते डोंगराएवढे वाटते. प्राथमिक शिक्षकाला भाषण करायचे नाही, शोधनिबंध लिहायचा नाही. त्याला वर्ग चालवायचा आहे. पुस्तक उघडा, शेजारच्याला दाखव, पुन्हा सांग बरे, कोणी मदत करील का, छान जमले, अजून थोडा विचार कर, पेन कोणाचे पडले, पाऊस आला आहे का बघ. अशी दोनेकशे वाक्ये आणि ती हवी तशी फिरवण्याची सवय. त्याच्या जोडीला गोष्ट सांगता येण्याइतका भूतकाळ, आणि चित्राकडे बोट दाखवून प्रश्न विचारण्याइतका वर्तमानकाळ. हे इंग्रजी एका वर्षात, आठवड्याला थोडे थोडे, कोणत्याही शिक्षकाला कमावता येते. मात्र ते ऐकून येत नाही, बोलूनच येते. कार्यशाळेतल्या वेळेचा मोठा वाटा जोडीजोडीने बोलण्याला दिला, आणि वरिष्ठ अधिकारी त्या वेळी खोलीबाहेर राहिले, तर पहिल्याच दिवशी फरक दिसतो. मी तो पाहिला आहे. दुपारपर्यंत ज्यांनी तोंड उघडले नव्हते, अशा एक बाई आपल्या शेजारणीला घरच्या गाईच्या वासराविषयी इंग्रजीत सांगत होत्या. क्रियापदे चुकत होती, शब्द अडला की हाताने दाखवत होत्या, आणि शेजारणीला सगळे कळत होते. ज्यांना स्वतःला असे बोलून पाहायला मिळते, त्या आपल्या वर्गातल्या मुलाची चूक मध्येच तोडत नाहीत.

याच्या उलट टोकाचा एक आग्रह मात्र मला मान्य नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढायचा नाही, असे काही मार्गदर्शक सांगतात. मेळघाटातल्या शाळेत मूल कोरकू बोलत येते, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला पावरी किंवा भिली. त्या मुलाला शाळेची मराठीच नवी असते, इंग्रजी ही तिच्यामागून आलेली तिसरी. तिथे शिक्षक कोरकूतला एक शब्द वापरतो तेव्हा तो इंग्रजीचा तास वाया घालवत नाही, मुलाला धीर देतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या वेळी आर. अमृतवल्ली यांच्या अध्यक्षतेखालील गटाने इंग्रजी अध्यापनावर जी भूमिका मांडली, तिच्यातही इंग्रजीला भारतीय भाषांच्या सोबतीने, बहुभाषिक वर्गात पाहिले आहे. शिक्षकाने मराठी कुठे वापरायची आणि कुठे थांबायचे, हे कार्यशाळेत प्रत्यक्ष उदाहरणे घेऊन ठरवता येते. नियम करून ते साधत नाही.

महाराष्ट्रात या दिशेने चांगली पावले पडली आहेत, आणि ती विसरणे अन्यायाचे होईल. माध्यमिक शिक्षकांसाठी 'चेस' उपक्रम झाला. त्याच्या नावातच इंग्रजी शिक्षकांना सातत्याने साथ देण्याचा संकल्प होता. प्राथमिक शिक्षकांसाठी महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून नऊ जिल्ह्यांत 'तेजस' प्रकल्प चालवला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे शिक्षकांचे स्थानिक गट. परिसरातल्या शाळांचे शिक्षक ठरावीक काळाने एकत्र येत, एखादी कृती करून पाहत, वर्गात नेत, आणि पुढच्या वेळी काय झाले ते सांगत. गट चालवणारी व्यक्ती त्याच व्यवस्थेतली. दोन बैठकींच्या मधल्या काळात व्हॉट्सॲपवर बोलणे चालू राही. यात कोणी एका टोकाला बसून ज्ञान सोडत नाही. शेजारच्या गावच्या बाईंनी तिसरीच्या वर्गात काय केले, हे त्यांच्याच तोंडून ऐकणे हा वेगळा अनुभव असतो, कारण त्यांचीही शाळा द्विशिक्षकी असते आणि त्यांच्याही एका खोलीत दोन इयत्ता बसतात.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्येच हे दाखवून दिले होते. तत्त्व समजावले, पाठ करून दाखवला, सराव करून घेतला, तरी नवे कौशल्य वर्गात रुजायला आणखी एक गोष्ट लागते. शिक्षक ते वापरू लागतो तेव्हा त्याच्या शेजारी कोणीतरी असावे लागते, दोष काढण्यासाठी नव्हे, सोबतीसाठी. आपण पहिल्या दोन गोष्टींवर सगळा वेळ खर्च करतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारचे 'निष्ठा' हे शिक्षक-प्रशिक्षण सुरू झाले, सुमारे ४२ लाख शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवून, आणि कोरोनाच्या काळात ते 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावर ऑनलाइन गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. तासांची तरतूद झाली हे चांगलेच झाले. पण चित्रफीत पाहून, प्रश्नमंजूषा सोडवून प्रमाणपत्र मिळते, त्या तासात इंग्रजी बोलण्याची भीती कमी होत नाही. इंग्रजीच्या शिक्षकाच्या त्या ५० तासांपैकी निम्मे तरी माणसांसमोर माणसांनी बोलण्यात जावेत, असे मला ठामपणे वाटते.

आणखी एक गोष्ट चिलीमधून घेण्यासारखी आहे. तिथे २०१३ पासून 'चॅम्पियन टीचर्स' या उपक्रमात सरकारी शाळांतले इंग्रजीचे शिक्षक आपल्याच वर्गातला एक प्रश्न घेऊन त्याचा लहानसा शोध घेतात. उत्तर शोधण्याआधी परिस्थिती नीट समजून घेतात, मुलांना विचारतात, मग एखादा बदल करून पाहतात. आपल्याकडे असा प्रश्न कोणता असू शकेल? उदाहरणार्थ, प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबतो? मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत हे मोजले होते. शिक्षक साधारण सेकंदभर थांबतात आणि स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलतात. परक्या भाषेत शब्द शोधणाऱ्या मुलाला ते तीन सेकंद आणखी गरजेचे. मोबाइलवर दहा मिनिटांचा तास ध्वनिमुद्रित करून शिक्षकाने रात्री घरी ऐकला, तरी हे कळते. त्याला पैसे लागत नाहीत, बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. निवांत वेळ आणि ते ऐकून बोलायला दोन सहकारी लागतात.

तो वेळ कुठून येणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मतदारयाद्यांची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांतून शिक्षकाकडे काय उरते ते मला ठाऊक आहे. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे, हेही ठाऊक आहे. म्हणूनच मला नवी यंत्रणा उभारा असे म्हणायचे नाही. महाराष्ट्रात जवळपास पाच हजार केंद्रे आहेत. केंद्रप्रमुखाचे पद मुळात दहा-बारा शाळांतल्या शिक्षकांना शैक्षणिक साथ देण्यासाठी निर्माण झाले. पूर्वीची गटसंमेलने आणि आजच्या शिक्षण परिषदा या त्यासाठीच्याच जागा आहेत. त्या जागेत आज बहुतेक वेळ परिपत्रके वाचण्यात आणि तक्ते गोळा करण्यात जातो. रिकामी पदे भरावीत, केंद्रप्रमुखावरचा कागदांचा भार उतरवावा, आणि महिन्याच्या त्या बैठकीचे पहिले दोन तास इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या बोलण्यासाठी राखून ठेवावेत. त्या दोन तासांत कोणी भाषण करू नये. मागच्या महिन्यात वर्गात करून पाहिलेली एक कृती दोघांनी सांगावी, इंग्रजीत, जमेल तशी. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. पुढच्या महिन्यात सगळ्यांनी करायची एक कृती तिथेच ठरावी, आणि मधल्या काळात शेजारच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने दुसऱ्याचा एक तास बसून पाहावा. त्याचा अहवाल कोणी मागू नये.

या सभागृहात जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत, डाएटचे अधिव्याख्याते आहेत, केंद्रप्रमुखही आहेत. माझी तुम्हाला विनंती आहे की हे एका तालुक्यात, एका वर्षासाठी करून पाहा. त्या वर्षात त्या तालुक्यातल्या शिक्षकांना इंग्रजीच्या दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षणाला बोलावू नका. वर्ष संपल्यावर कोणाची परीक्षा न घेता दुसरीच्या दहा वर्गांत जाऊन शांतपणे बसा, आणि तासभरात गुरुजी किती इंग्रजी बोलतात आणि मुले किती बोलतात, एवढेच ऐका.